पाच प्रश्नचिन्हं

ऑगस्ट २०१२मध्ये ‘डार्क सोल्स’ हा व्हिडिओ गेम पीसीवर आला. त्याआधी जवळपास वर्षभर तो फक्त प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर होता. पीसीवर खेळणाऱ्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवून, हजारोंनी सह्या करून तो अक्षरशः मागून घेतला होता. हातात आला तेव्हा लक्षात आलं की मॉनिटर कितीही मोठा असो, आतलं चित्र १०२४ बाय ७२० ठिपक्यांच्या मापातच रंगवलं जातंय आणि मग ताणून पडद्यावर पसरवलं जातंय. दगडी भिंती, धुकं, चिलखताची नक्षी, सगळं पुसट. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन वाढवलं तरी आतलं माप हलत नव्हतं.

त्याच दिवशी ड्युरांते या टोपणनावाच्या एका प्रोग्रामरने ‘डीएसफिक्स’ नावाची छोटीशी दुरुस्ती फुकट देऊन टाकली. गेमचा मूळ कोड त्याच्याकडे नव्हता आणि कंपनीशी त्याचा काही संबंधही नव्हता. मी व्यवसायाने डीटीपीवाला, गिरगावातल्या एका प्रेसमध्ये मराठी पानं लावतो. पण ती दुरुस्ती चालते कशी हे समजून घेतलं तेव्हापासून बिघडलेल्या पोर्टकडे (एका यंत्रासाठी केलेल्या गेमची दुसऱ्या यंत्रावर आणलेली आवृत्ती) बघायची माझी नजर बदलली, ती कायमची.

ती चालते ती अशी. कंट्रोलर आणि कीबोर्ड वाचायला गेम विंडोजकडे डी-इनपुट-८ नावाची एक डीएलएल फाइल, म्हणजे तयार कोडची फाइल, मागतो. विंडोज ती फाइल आधी गेमच्याच फोल्डरमध्ये शोधतं आणि तिथे नसेल तरच सिस्टिमच्या फोल्डरकडे वळतं. ड्युरांतेने त्याच नावाची स्वतःची फाइल गेमच्या फोल्डरात ठेवली. गेमने ती आपली समजून उचलली, आणि एकदा आत गेल्यावर ती फाइल गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या मधोमध उभी राहिली. गेम कार्डाला म्हणतो, मला १०२४ बाय ७२०चा कॅनव्हास दे. मधली फाइल ती मागणी ऐकते, आकडे बदलते आणि पुढे १९२० बाय १०८०ची मागणी पाठवते. गेमला पत्ताही लागत नाही. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडायची. त्यात ओळीने पर्याय लिहिलेले, रुंदी इतकी, उंची इतकी, आणि प्रत्येक ओळीच्या वर दोन शब्दांत खुलासा.

काम एवढ्यावर संपत नाही. लांबच्या वस्तू धूसर करणारा इफेक्टही जुन्याच मापावर बेतलेला असतो. मुख्य चित्र मोठं केलं की तो वेडावाकडा दिसू लागतो, म्हणून त्याचं माप वेगळं सांभाळावं लागतं. एक आकडा बदलला की त्याच्यावर मुकाट टेकून बसलेले दहा आकडे जागे होतात. दुरुस्ती करणाऱ्याला ते सगळे शोधावे लागतात, आणि तेही मूळ कोड न बघता, गेम काय काय मागतो एवढ्यावरूनच.

हे आकडे तिथे येतात कसे, हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. ‘पोर्ट वाईट आहे, कंपनी आळशी आहे’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण कन्सोल म्हणजे एक ठरलेलं यंत्र. लाखो घरांत तेच ग्राफिक्स, तीच मेमरी, तोच कंट्रोलर. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सुताराने कोपरा मोजून कपाट बसवावं, तसा गेम त्या यंत्रात बसवलेला असतो. कपाट उत्तम असतं, इंचभरही जागा वाया गेलेली नसते. पुढे इमारत रिडेव्हलपमेंटला जाते, कपाट टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये येतं आणि दार उघडलं की खिडकीला धडकतं. सुताराची कारागिरी कमी पडलेली नसते, खोली बदललेली असते. गेम करणाऱ्यांनी ‘पडदा एवढाच असेल’, ‘सेकंदाला ३० फ्रेमच (म्हणजे ३० चित्रंच) असतील’ या गोष्टी कुठे लिहूनही ठेवलेल्या नसतात, कारण त्यांच्या खोलीत त्या खऱ्याच होत्या.

फ्रेमचं प्रकरण तर फार खोल जातं. ‘डार्क सोल्स’ सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेला होता. डीएसफिक्सच्या पुढच्या आवृत्तीत ही मर्यादा काढायची सोय आली. ६० फ्रेमवर गेम लोण्यासारखा चालायचा, पण शिडीवरून सरकत खाली येताना माणूस कधी कधी जमिनीतून आरपार खाली पडायचा. उडीही थोडी तोकडी पडायची. पडायचं किती, सरकायचं किती याचे हिशेब ३० फ्रेम गृहीत धरून केलेले होते, म्हणून असं व्हायचं. ‘डार्क सोल्स २’मध्ये हेच वेगळ्या रूपात दिसलं. पीसीवर ६० फ्रेममुळे शस्त्रं दुप्पट वेगाने झिजत होती. तलवार एखाद्या देहातून जात असताना तिची झीज फ्रेमागणिक मोजली जात होती आणि फ्रेम दुप्पट म्हणजे झीजही दुप्पट. खेळाडू याबद्दल सांगत होते आणि अखेर २०१५मध्ये अधिकृत पॅचने, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीने, ते सुधारलं. मधल्या काळात असंख्य लोकांना वाटत राहिलं की गेमच कठीण आहे, आपली तलवार मोडते कारण आपण नीट लढत नाही.

मला या गोष्टीचा फार त्रास होतो. गेम कोसळला तर बिघाड निदान दिसतो. शस्त्र लवकर झिजलं तर खेळणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

माझा भाचा ओंकार लालबागला राहतो. त्याच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेलं आहे. कागदोपत्री तो रस्ता आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुटे भाग घ्यायला जाणारा कुणी तसं म्हणत नाही. प्रेसपासून चालत जाण्याजोगा आहे, म्हणून घेण्याआधी मीच जाऊन कार्ड तपासलं होतं. मॉनिटर ७५ हर्ट्झचा. यंदा त्याने पैसे साठवून मूळ कन्सोलवरचा एक मोठा रोल-प्लेइंग गेम सेलमध्ये घेतला. गेमचं नाव इथे देत नाही. सांगायचंय ते त्या एका गेमपुरतं नाही.

सुरुवात झाली ती त्याच्या एका प्रश्नाने. “मामा, यातली माणसं एवढी घाईत का बोलतात?”

बोलत नव्हती घाईत. आवाज बरोबर होता. ओठ, हात, चालणं, सगळं आवाजाच्या पुढे धावत होतं. पात्राचं वाक्य निम्म्यात असताना त्याचे ओठ मिटलेले असायचे आणि ते पाठ फिरवून निघालेलं असायचं. मॉनिटर सेकंदाला ७५ वेळा ताजा होतो, गेम प्रत्येक ताज्या चित्रागणिक एक पाऊल पुढे टाकतो, आणि त्याची समजूत अशी की सेकंदाला ६०च पावलं पडतायत. म्हणजे ६०च्या जागी ७५, सगळं जग सव्वापट वेगाने. मारामारीत शत्रूही सव्वापट वेगाने अंगावर यायचे. ओंकार त्यांच्याशी तसाच लढायला शिकला होता! विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर आणला आणि पहिल्या लढाईनंतर तो खुर्चीत मागे रेलला. “हे किती सोपं आहे,” म्हणाला. मी त्याला सांगितलं, सोपं नाही, हेच खरं आहे. इतके दिवस तू करणाऱ्यांनी ठरवलं होतं त्यापेक्षा अवघड खेळत होतास.

खरी अडचण सेव्हची होती. गेममध्ये ठरावीक ठिकाणी गेलं की प्रगती साठवता येते. तिथे गेलं की क्षणभर चक्र फिरायचं आणि ‘सेव्ह करता आलं नाही’ असा इंग्रजी संदेश यायचा, एवढंच. कारण काहीच नाही. ओंकारने यावर आपला उपाय काढला होता, कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. रात्री गेम थांबवून पडदा बंद करायचा आणि कीबोर्डवर चिठ्ठी लावायची, ‘बंद करू नका. सेव्ह नाही.’ ताई कुरकुरायची, पण चिठ्ठी पाळायची. मग एका दुपारी मीटर रूममध्ये काही काम निघालं, मेन स्विच पडला आणि कित्येक संध्याकाळींची वाटचाल गेली. ताईचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं की पोरगं जेवलेलं नाही.

शनिवारी प्रेस सुटल्यावर गेलो. गेम पुन्हा टाकून बघणं, अँटिव्हायरस बंद करणं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं, हे सगळं त्याने आधीच केलेलं होतं. मी प्रोसेस मॉनिटर चालवलं. मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं साधन आहे. कुठला प्रोग्राम कोणती फाइल उघडतोय, कोणत्या फोल्डरला हात लावतोय, ते एकेक ओळीत दाखवतं. गेमच्या नावाची चाळणी लावली आणि ओंकारला सेव्हच्या जागी जायला सांगितलं. त्याने बटण दाबलं तशा ओळी सरसर वर गेल्या. त्यातली एक ओळ अशी होती: सी ड्राइव्ह, युजर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग डॉक्युमेंट्स, मग गेमचं फोल्डर. निकालाच्या रकान्यात लिहिलेलं, नाव अवैध.

त्या पाच प्रश्नचिन्हांकडे मी बघत राहिलो. ओ, अनुस्वार, क, काना, र. पाच. ते त्याचं नाव होतं.

कॉम्प्युटर पहिल्यांदा लावला तेव्हा भावोजींनी विंडोजवरचं खातं ‘ओंकार’ असं देवनागरीतच उघडलं होतं. ते घरातलं सगळं मराठीत ठेवतात, अगदी वायफायचं नावसुद्धा. त्यामुळे विंडोजने त्याचं फोल्डरही देवनागरीतच बनवलं. विंडोजला यात काही अडचण नाही, ते आतून युनिकोडच बोलतं, म्हणजे जगभरच्या लिप्यांना एकत्र सामावणारी पद्धत. गेम मात्र फाइल उघडताना विंडोजची जुनी पद्धत वापरत होता. त्या पद्धतीत मजकूर आधी मशीनच्या कोडपेजमध्ये उतरवला जातो. कोडपेज म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता. जपानीसाठी ९३२ क्रमांकाचा तक्ता आहे, रशियनसाठी १२५१, ग्रीकसाठी १२५३, थाईसाठी ८७४. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर सहसा पश्चिम युरोपचा १२५२ असतो. देवनागरीला असा तक्ता विंडोजने कधी दिलाच नाही. आपली लिपी तिथे विंडोज २०००पासून आली ती थेट युनिकोडमधून. तोवर जुनी पद्धत मागे पडू लागली होती, म्हणून नवा तक्ता करायची गरज कुणाला वाटली नाही.

परिणाम सरळ आहे. टोकियोतल्या मुलाचं खातं कांजी लिपीत असेल तर त्याच्या मशीनवर ९३२ आहे, गेमची सेव्ह होते, आणि बनवणाऱ्यांना तपासणीत कधी काही खटकत नाही. मॉस्कोतल्या मुलाचंही चालतं. लालबागच्या मुलाच्या नावातलं एकही अक्षर १२५२च्या तक्त्यात नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. आणि फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

प्रेसमध्ये आमचा निम्मा दिवस यातच जातो, म्हणून हे मला लगेच दिसलं. दिवाळी अंकाच्या दिवसांत ज्येष्ठ लेखकांच्या फाइली येतात त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या काळातली ती पद्धत, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार बसवायचे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चुरा. त्या पद्धतीने मराठी छपाई कॉम्प्युटरवर आणली, तिचं ऋण मोठं आहे. पण तिनेही एक गृहीत धरलं होतं, वाचणाऱ्याकडे हाच फॉन्ट असेल. ती फाइल बदलून घेताना रफार, जोडाक्षरं, वेलांट्या एकेक करून तपासाव्या लागतात. घाई केली तर लेखकाच्या वाक्यात भलतंच अक्षर घुसतं आणि ते छापील अंकात दिसेपर्यंत कुणाला कळत नाही.

ओंकारने पाच प्रश्नचिन्हं पाहिली, माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, “मामा, मग नवीन खातं काढतो ना. इंग्रजीत लिहितो. प्लेअर वन असं काहीतरी.”

“नाव कशाला बदलायचं?” मी म्हटलं. “गेमला वाचता येत नाही, तर गेमची सोय करू.”

इंटरनेटवर सगळीकडे तोच सल्ला सापडतो, खातं इंग्रजीत करा. सल्ला चुकीचा नाही, त्याने काम होतं. पण तेरा वर्षांच्या मुलाने एका गेमसाठी आपल्या कॉम्प्युटरवरून आपलं नाव पुसावं, हे मला पटत नाही. चूक त्याच्या नावात नाही.

दुसरा मार्ग विंडोजमध्येच आहे. विंडोज १०मध्ये पुढे एक पर्याय आला, जुन्या प्रोग्रामांसाठीही यूटीएफ-८ हे युनिकोडचंच एक रूप वापरायचा. भाषेच्या प्रशासकीय सेटिंगमध्ये खोल दडलेला, बीटा असं लिहिलेला. तो सुरू केला की जुन्या पद्धतीतही देवनागरी सुखरूप जाते. पण तो सगळ्या मशीनला लागू होतो. त्याच कॉम्प्युटरवर भावोजी मंडळाची स्मरणिका करतात, तीही जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते सॉफ्टवेअर १२५२चा तक्ता धरूनच चालतं. ओंकारचा गेम चालायचा आणि वडिलांची वीस वर्षांची स्मरणिका चुरा होऊन उघडायची. तो पर्याय मी सोडून दिला.

मग डॉक्युमेंट्स फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडलं, त्यातला लोकेशन हा टॅब. तिथे फोल्डरची जागा बदलता येते. डी ड्राइव्हवर साध्या रोमन अक्षरांत एक फोल्डर केलं आणि तिथे हलवलं. गेम विंडोजला विचारतो, डॉक्युमेंट्स कुठे आहे? विंडोज आता सांगतं, डी ड्राइव्हवर. त्या पत्त्यात ओंकारचं नाव येतच नाही, त्यामुळे बिघडायला काही उरत नाही. खातं मराठीत, स्मरणिका शाबूत. ओंकार सेव्हच्या जागी गेला, चक्र फिरलं आणि तारीखवेळेसकट पहिली नोंद उमटली. त्याने ती लगेच पुन्हा लोड करून बघितली, मग परत सेव्ह केलं, परत लोड केलं. कीबोर्डवरची चिठ्ठी ताईने स्वतः काढली.

अशी दुरुस्ती घरोघरी लोकांनी करत बसावी का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. ‘फायनल फँटसी १३’ ऑक्टोबर २०१४मध्ये पीसीवर आला तो ७२०च्या एकाच मापात. ओरड झाली आणि डिसेंबरमध्ये कंपनीने पॅच देऊन माप मोकळं केलं. हे योग्य झालं. ‘निअर ऑटोमाटा’ मार्च २०१७मध्ये आला. त्याच्या पूर्ण पडद्याच्या चित्राची आणि इतर अडचणींची दुरुस्ती काल्डेन या टोपणनावाच्या मॉडरने, म्हणजे गेममध्ये बाहेरून बदल करणाऱ्याने, ‘फार’ या नावाने दिली आणि लोक वर्षानुवर्षं तीच टाकून खेळले. अधिकृत पॅच आला जुलै २०२१मध्ये. चार वर्षांहून जास्त काळ एका विकत घेतलेल्या गेमची देखभाल बाहेरचा माणूस फुकट करत होता. जे दुरुस्त होऊ शकतं हे एका माणसाने एकट्याने दाखवून दिलंय, ते न करण्याला माझ्या लेखी सबब नाही.

पण याच धडपडीतून काय काय उगवलं तेही बघा. ‘निअर ऑटोमाटा’ लिनक्सवर चालावा म्हणून एका प्रोग्रामरने डायरेक्ट-थ्रीडी या विंडोजच्या चित्र काढायच्या भाषेचं वल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत रूपांतर करणारा डीएक्सव्हीके हा थर लिहायला घेतला. २०१८मध्ये तो प्रोटॉनमध्ये, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीच्या साधनात, सामील झाला. आज स्टीम डेक हे व्हॉल्वचं छोटं यंत्र हातात धरून विंडोजचे गेम खेळले जातात त्यामागे तो थर आहे. एका माणसाला एक गेम नीट खेळायचा होता, तिथून हे सुरू झालं. आणि ड्युरांते? त्याने पीएच३ ही कंपनी काढली आणि आता प्रकाशक त्याच्याकडेच पोर्टचं काम देतात. ‘ट्रेल्स ऑफ कोल्ड स्टील ३’च्या २०२०मधल्या पीसी आवृत्तीवर त्याचाही हात फिरलाय. ती सुरू करून सेटिंगचं पान बघण्यासारखं आहे. रिझोल्यूशन, फ्रेम, सावल्या, कंट्रोलरच्या बटणांची चित्रं, प्रत्येक गोष्टीला पर्याय आहे. खेळणाऱ्याची खोली कशी असेल हे आपल्याला माहीत नाही, हे मान्य करून बनवलेलं ते पान आहे.

ओंकारच्या गेमच्या कंपनीला मी सविस्तर लिहिलं. प्रोसेस मॉनिटरमधली ती ओळ जोडली, खातं देवनागरीत असल्याचं सांगितलं, आणि फाइल उघडताना युनिकोडची पद्धत वापरली तर हिंदी, मराठी, नेपाळी, तमिळ, बंगाली अशा सगळ्या नावांचं काम होईल हेही लिहिलं. ७५ हर्ट्झचा मुद्दा वेगळ्या पत्रात दिला, म्हणजे एकात दुसरं हरवणार नाही. उत्तर आलंय की तपासणाऱ्यांकडे पाठवलंय.

तोवर तुमच्या घरी कुणाचं खातं देवनागरीत असेल आणि एखादा गेम सेव्ह होत नसेल, तर डॉक्युमेंट्सची जागा बदलून बघा. वनड्राइव्ह त्या फोल्डरचा बॅकअप घेत असेल तर आधी तो थांबवा, नाहीतर जागा परत बदलते. फाइली हलवायच्या का असं विंडोज विचारेल, हो म्हणा. काही गेम डॉक्युमेंट्सऐवजी अॅपडेटा फोल्डरमध्ये सेव्ह ठेवतात. तिथे हा उपाय चालत नाही, कारण ते फोल्डर असं सहज हलवता येत नाही. त्या वेळी रोमन नावाचं दुसरं खातं फक्त त्या गेमपुरतं काढा आणि मुलाचं मूळ खातं आहे तसंच राहू द्या. आणि कंपनीला लिहा. प्रश्नचिन्हं मोजून लिहा.